पडद्यावरचा शेतकरी किती आणे खरा?

वाचकहो, वर्ष सरत आले की शहरगावच्या वर्तमानपत्रांत चित्रपटांच्या याद्या येऊ लागतात. कोणत्या चित्रपटाने किती कोटींचा गल्ला जमवला, कोणाला कोणते बक्षीस मिळाले, कोणत्या नटीची साडी गाजली, सारे त्यात असते. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. पडद्यावर दाखवलेला शेतकरी खरा होता, की धोतर नेसवून बांधावर उभा केलेला नट होता? हे सांगायचे तर पाहणाऱ्याच्या हाताला नांगराची मूठ ठाऊक असावी लागते.

म्हणून यंदा आम्ही घरच्या घरी आमची यादी केली. आमचे बिऱ्हाड पुण्यात असले तरी घर पुरंदर तालुक्यात. मोठे भाऊजी आणि जाऊबाई तिथे शेती करतात. अंजीर, सीताफळ आणि हंगामाला थोडा वाटाणा. माल घेऊन भाऊजी गुलटेकडीच्या यार्डात आले की मुक्काम आमच्याकडे. त्यांची मुलगी कॉलेजसाठी आमच्याकडेच असते. सासूबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या, त्या दोन महिने राहिल्या. असे पाहणारे जमत गेले आणि वर्षभरात शेतकऱ्याच्या जिण्यावरचे जुने-नवे चित्रपट ठरवून पाहिले गेले. सगळेच काही थिएटरात नव्हे. बरेचसे घरीच टीव्हीवर आणि एकदोन तर पुतणीच्या मोबाइलवर, डोकी एकत्र करून.

गुण कसे द्यायचे यावर पहिला वाद झाला. पुतणी म्हणाली, तारे देऊ. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तारे कशाला? आणेवारी लावा की!’’ ती सगळ्यांना पटली. पिकाची आणेवारी तुम्हाला सांगायला नको. हल्ली तिला पैसेवारी म्हणतात आणि पूर्वी ती पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळ धरत, इतकाच फरक. आठ आण्यांच्या आतला चित्रपट यादीत घ्यायचा नाही असे ठरले. भाऊजींनी आणखी एक अट घातली. सोळा आणे कोणालाच द्यायचे नाहीत, कारण सोळा आणे पीक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेले नाही.

पाहायचे काय, तेही ठरले. माणूस काम करतो तेव्हा त्याची ढब खरी आहे का? कर्जाचा आकडा येतो तेव्हा हिशेब जुळतो का? आणि घरातली बाई नुसती रडायला ठेवली आहे, की तिलाही अक्कल दिली आहे? ही शेवटची कसोटी जाऊबाईंची.

यादीकडे वळण्याआधी एका चित्रपटाबद्दल सांगते. त्याला आम्ही गुण देऊ शकलो नाही, कारण तो आता कोणालाच पाहता येत नाही. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ नावाचा मूकपट काढला. त्या काळात पडद्यावर देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या कथा चालत. पेंटरांनी नारायण हरी आपटे यांची कथा घेतली आणि सावकाराने जमीन लुबाडलेला, मुंबईच्या गिरणीत मजूर म्हणून जाणारा शेतकरी दाखवला. त्या तरुण शेतकऱ्याचे काम करणारा मुलगा म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. ज्यांनी तो पाहिला त्यांच्या मनात अंधारलेली झोपडी आणि रडणारे कुत्रे एवढे चित्र कायमचे राहिले. १९३६ साली पेंटरांनी तीच कथा बोलपटातही आणली, पण मूळ मूकपटाची फीत हाती राहिलेली नाही. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले. त्यांतले पुरते शिल्लक असलेले हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. जुन्या फितीत चांदीचा अंश असे. चित्रपट चालेनासा झाला की चांदी काढण्यासाठी फिती विकून टाकीत. जुनी पैठणी जाळून जर काढावी, तशातला प्रकार.

हे राखण्याचे काम ज्या संस्थेने केले ती आमच्या पुण्यातच, लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले आणि पी. के. नायर या गृहस्थांनी गावोगाव फिरून, लोकांच्या माळ्यांवरून आणि गोदामांतून डबे गोळा केले. बियाणे जपणारा जुना माणूस जसा मूठ मूठ दाणे निरनिराळ्या मडक्यांत ठेवतो, तसे. जवळच प्रभात रस्ता. कोल्हापूरची प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यात आली, तिच्यावरून हे नाव पडले. तिच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० पासून चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था आहे. तिथल्या जुन्या फितींच्या कोठाराला २००३ च्या जानेवारीत आग लागली आणि पुष्कळ डबे जळाले. जुनी फीत पेंढ्यासारखी पेट घेते.

पुण्यात खेड्यातल्या माणसाचे आणि चित्रपटाचे नाते जुने आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली लागला, तो विजयानंद टॉकीजमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच खेळ! मंडईत माल विकून झालेल्या माणसांचा त्यात मोठा वाटा असणार, असे मला आपले वाटते. पण तो तमाशाचा चित्रपट, शेतीचा नव्हे. म्हणून यादीत नाही. ‘सैराट’ही नाही. आर्ची ट्रॅक्टर चालवते ते पाहून पुतणीने टाळ्या पिटल्या हे खरे, पण त्या चित्रपटाचा जीव दुसरीकडे आहे.

आता यादी. तळापासून वर जाऊ.

आठवा आला ‘मदर इंडिया’, नऊ आणे. तुमच्यापैकी अनेकांचे भुवई उंचावेल. १९५७ सालचा मेहबूब खान यांचा हा चित्रपट आपल्याकडे जत्रेतल्या तंबूतसुद्धा वर्षानुवर्षे चालला. पाचशे रुपयांच्या कर्जाच्या व्याजापोटी सुखीलाला दर साली पिकाचा तीन चतुर्थांश हिस्सा नेतो, हा हिशेब काळजाला भिडतो. कन्हैयालाल या नटाने सावकार असा उभा केला आहे की सासूबाई त्याला पडद्यावर पाहूनच शिव्या देऊ लागल्या. मग गुण कमी का? ते जाऊबाईंमुळे. नर्गिस खांद्यावर जू घेऊन नांगर ओढते तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो होतो. जाऊबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘‘बाई एकदा देवी झाली की तिची पाठ दुखते का, हे कोण विचारत नाही.’’ त्यावर कोणाला बोलता आले नाही आणि दोन आणे गेले.

सातवा ‘ख्वाडा’, दहा आणे. भाऊराव कऱ्हाडे या तरुणाने आपली शेतजमीन विकून हा चित्रपट काढला आणि तो २०१५ साली लागला. वनखात्याने जमीन घेतली म्हणून मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडणारे धनगराचे कुटुंब आहे. बाप कोर्टाच्या तारखांवर आशा ठेवून जगतो, पोराला मात्र घर आणि लग्न हवे आहे. शशांक शेंडे यांचा बाप अस्सल. मेंढरे बसवायला जागा मागताना माणसाचा आवाज कसा खाली येतो, ते बघा. मारामारी थोडी वाढवली आहे, म्हणून दहा.

सहावा ‘सामना’. साडेदहा आण्यांवर भाऊजी अडून बसले, नाहीतर मी अकरा देत होते. जब्बार पटेल हे दौंडला दवाखाना चालवणारे मुलांचे डॉक्टर, लेखन विजय तेंडुलकरांचे आणि निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली हा बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत निळू फुले. हा माणूस पुण्याचा. तरुणपणी लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचा. मातीत हात घातलेल्या माणसाने कारखानदाराचे सोंग असे वठवले की आजही एखादा चेअरमन गाडीतून उतरला की लोकांना तेच आठवतात. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर विचारत राहतात, मारुती कांबळेचे काय झाले? चित्रपट थोर आहे यात शंका नाही. भाऊजींचे म्हणणे इतकेच की उसाच्या गावातला उसवाला त्यात कुठे दिसत नाही. तोड कधी मिळणार, काट्यावर वजन किती लागले, बिल कधी निघणार, हे काही नाही. कारखाना आहे, पण ऊस नाही. बोलणे खोटे म्हणता येईना.

पाचवा ‘संत तुकाराम’, अकरा आणे. प्रभातचा हा १९३६ सालचा बोलपट दामले आणि फत्तेलाल यांनी इथे पुण्यातच घेतला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेला आहे, आणि तो इतका हुबेहूब उतरला की तुकोबांचाच समजणारे पुष्कळ आहेत. विष्णुपंत पागनिसांना हात जोडावेत. पण आमच्या घरी गुण मिळाले ते जिजाईला. गौरी ही काही मोठी नाव झालेली नटी नव्हे. प्रभातमधल्या किरकोळ कामांतून पुढे आलेली बाई. नवरा देवाच्या मागे, घरात दाणा नाही, पोर तापाने फणफणलेले. मग ती विठोबाशीच भांडायला देवळात जाते. सासूबाई माळकरी, आषाढीला पायी गेलेल्या. मला वाटले त्यांना राग येईल. त्या म्हणाल्या, ‘‘खरी भक्ती त्याची होती, पण खरा संसार हिचा होता. एकादशीला फराळाचं कोण बघतं, ते विठोबाला ठाऊक असतंय.’’ वैकुंठाचे विमान आले तरी या बाईचा जीव आपल्या चुलीपाशी. चमत्कार वगळले तर सगळे घर आपल्यातलेच वाटते.

चौथा ‘मंथन’, बारा आणे. ज्यांच्या घरी दूध डेअरीला जाते त्यांनी हा चुकवू नये. १९७६ साली श्याम बेनेगल यांनी तो केला, तेव्हा गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. दहा लाख जमले आणि चित्रपट झाला. मग तो बघायला तीच माणसे ट्रक भरभरून गेली. लेखन पुन्हा तेंडुलकरांचेच. नायिका स्मिता पाटील, पुण्यात जन्मलेली. २०२४ साली त्याची नीट केलेली प्रत फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात दाखवली गेली.

जनावरांचा डॉक्टर गावात येतो, दुधाची फॅट मोजतो आणि खासगी डेअरीवाला मिश्रा किती लुबाडत होता ते उघडे पडते. इथपर्यंत कोणालाही गोड वाटेल. पण बेनेगल पुढे जातात. सोसायटी निघते, निवडणूक होते, दलित वस्तीतला उमेदवार सरपंचाला पाडतो आणि गावाचे खरे दात दिसू लागतात. सोसायटी काढली म्हणजे गाव एक झाले असे नसते, हे इतक्या उघडपणे कोणी दाखवले नव्हते. जाऊबाई रोज सकाळी डेअरीच्या रांगेत उभ्या असतात. त्या म्हणाल्या, फॅटचे यंत्र नवे आले, त्याच्या जोडीला एसएनएफ आले, आता चिठ्ठीसुद्धा छापून मिळते, पण आकडा कमी लागला तर विचारायचे कोणाला, हे पन्नास वर्षांपूर्वीसारखेच.

तिसरा क्रमांक विभागून द्यावा लागला, दोघांनाही तेरा तेरा आणे. ‘दो बिघा जमीन’ आणि ‘स्थळ’.

‘दो बिघा जमीन’ १९५३ सालचा, बिमल रॉय यांचा. बंगालचा बिघा म्हणजे साधारण एक तृतीयांश एकर. दोन बिघे म्हणजे आपले सव्वीस-सत्तावीस गुंठे. एवढ्याशा तुकड्यासाठी! जमीनदाराला तिथे गिरणीवाल्यांना जागा द्यायची आहे. शंभू पासष्ट रुपयांचे देणे फेडायला घरातले किडुकमिडुक विकून जातो, तर वहीत निघतात दोनशे पस्तीस. कोर्ट तीन महिन्यांची मुदत देते. भाऊजी इथे पुढे सरकून बसले. ‘‘एवढे एकच दृश्य शाळेत दाखवले पाहिजे,’’ म्हणाले. अंगठा कशावर उठवला हे ज्याला वाचता येत नव्हते त्याची जमीन गेली. मग शंभू कलकत्त्याला जाऊन माणसे ओढण्याची रिक्षा ओढतो. बलराज साहनी या कामासाठी कलकत्त्याच्या रस्त्यांवर खरोखर रिक्षा ओढायला शिकले. तिथे त्यांना एक बिहारी रिक्षावाला भेटला, त्याचीही दोन बिघे जमीन जमीनदाराकडे अडकलेली होती. चित्रपटातली गोष्ट तो स्वतःच जगत होता. २०२५ साली या चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत व्हेनिसला दाखवली. शेवट इथे सांगत नाही. मूठभर मातीचा प्रसंग आहे, एवढेच सांगते.

‘स्थळ’वरून घरात दोन दिवस धुसफूस होती. जयंत सोमलकर यांचा हा चित्रपट मार्च २०२५ मध्ये लागला. त्याआधी २०२३ साली कॅनडातल्या टोरंटोच्या महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातले कापसाचे गाव, माणसेही बहुतेक तिथलीच, पडद्यावर कधी न आलेली. सविता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. बापाला तिचे लग्न उरकायचे आहे आणि कापसाला भाव नाही. पाहुणे येतात, पोहे होतात, पाटावर बसवून तेच ते प्रश्न. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतात कामाला जातेस का? उत्तरे तीच, पाहुणे नवे. सुरुवातीला एक स्वप्न आहे, त्यात बायका खुर्च्यांवर बसून एका मुलाला हेच प्रश्न विचारतात. पुतणी इतकी हसली की ठसका लागला.

हसू नंतर ओसरले. तिला एवढ्यातच एक ठिकाण येऊन गेले होते. ती म्हणाली, याला पहिला नंबर द्या. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी तर नाव पण विचारत नव्हते. चालून दाखव म्हणायचे.’’ आता हे तक्रारीने म्हटले की समाधानाने, ते कळले नाही. भाऊजी गप्प. मुलीचा बाप म्हणून त्या पडद्यावरच्या बापाकडे ते पाहत होते. कापूस घरात पडून आहे, भाव चढेल म्हणून थांबावे तर लग्नाची तारीख थांबत नाही, आणि विकावा तर हुंड्यालाही पुरत नाही. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा आहे. चित्रपटात त्याचे नाव निघत नाही, कारण अशा बैठकीत ते कधी निघतच नाही. रात्री जेवताना भाऊजी एवढेच म्हणाले, ‘‘हिची परीक्षा होऊ दे. नंतर बघू.’’ तेरा आणे त्यांनीच लावले.

दुसरा ‘टिंग्या’, चौदा आणे. मंगेश हाडवळे यांचा, २००८ सालचा, जुन्नर भागातला. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात बैल पडतो, पाय जातो. बैल कामातून गेला. बाप कर्जात आहे, खाटकाला दिल्याशिवाय दुसरा बैल यायचा नाही. आणि सात-आठ वर्षांचा टिंग्या त्या चितंग्यासाठी सगळ्या घराशी भांडतो. शेजारची रशिदा आजारी पडली तर तिला डॉक्टरकडे नेतात, मग माझ्या बैलाला का नाही? बापाकडे याला उत्तर नाही आणि दिग्दर्शकाकडेही नाही. त्याने ते उत्तर उगाच रचलेले नाही, हे या चित्रपटाचे मोठेपण. टिंग्या झालेल्या शरद गोयेकर या मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो नट वाटतच नाही. गोठ्यात वाढलेले पोर बैलाच्या अंगाला ज्या बिनधास्तपणे खेटते, ते शिकवून येत नाही.

ज्याच्या दावणीचा बैल कधी बाजारात गेला आहे त्याला या चित्रपटाबद्दल जास्त सांगायला नको. आमच्याकडे ट्रॅक्टर आल्यावर शेवटची जोडी विकली, त्या दिवशी सासूबाई जेवल्या नव्हत्या, हे मला या चित्रपटानंतर कळले. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. तेव्हा टिंग्याच्या बापासमोरचा तो एक रस्ता आता कायद्याने बंद आहे. म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा खर्च मात्र कोणाच्या खात्यावर पडतो, हे तुम्हाला माहीत आहेच.

पहिला आला ‘गाभ्रीचा पाऊस’. पंधरा आणे. सतीश मनवर यांचा, २००९ सालचा.

गाभ्रीचा ही वऱ्हाडकडची शिवी. पावसालाच दिलेली. गावातल्या एका शेतकऱ्याने जीव दिला आहे. त्या दिवसापासून अलकाच्या मनात भीती बसते की आपला किस्नाही असेच काही करील. तो कुठे निघाला की पोराला मागोमाग धाडते. सासूलाही लक्ष ठेवायला सांगते. किस्नाला याचा पत्ताच नाही. आपल्याच घरचे आपल्याकडे असे काय बघतात, त्याला कळत नाही. या सगळ्यात इतके हसू आहे की पहिला अर्धा तास आम्ही हसतच होतो. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष ही माणसे वऱ्हाडी बोलतात ती सोंग काढल्यासारखी नाही. आणि शेत! बी टाकून आभाळाकडे बघणारा माणूस, दोन ढग आले की हलके होणारे त्याचे खांदे, ते पांगले की पुन्हा तसाच. पाऊस येत नाही तेव्हा येत नाही आणि येतो तेव्हा कशाला आला असे होते.

चित्रपट अर्ध्यावर असताना भाऊजी उठून गॅलरीत गेले. पाणी प्यायला गेले असतील, असे आम्हाला वाटले. ते आत आलेच नाहीत. जाऊबाई पडद्याकडेच बघत होत्या. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, ‘‘मी पण ह्याच्यावर असाच डोळा ठेवला होता. दुष्काळाच्या साली. रात्री उठून अंथरूण चाचपायची.’’ २०१२-१३ चा तो दुष्काळ. टँकरने पाणी घालून अंजिराची बाग जगवायचा प्रयत्न चालला होता आणि सोसायटीचे देणे डोक्यावर होते. इतकी वर्षे एका घरात वावरलो, पण हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या ह्यांनाही नाही. पुतणी तेव्हा लहान होती. ती म्हणाली, ‘‘म्हणून मला रोज पप्पांबरोबर मळ्यात पाठवायचीस?’’ जाऊबाईंनी मान हलवली.

चित्रपट आम्ही थांबवला. भाऊजी आत आले तेव्हा त्यांच्या कानावर सगळे गेलेले होते. ते जाऊबाईंना म्हणाले, ‘‘मला ठाऊक होतं. पोरगी मागं असायची म्हणून विहिरीवर जास्त वेळ थांबत नव्हतो.’’ मग स्वतःच म्हणाले, लावा उरलेला. शेवटपर्यंत पाहिला. आणेवारीची वेळ आली तेव्हा भाऊजींनी पंधरा म्हटले. यावर वाद झाला नाही.

वाचकहो, या चित्रपटाबद्दल दोन कामाच्या गोष्टी. ज्या घरात अशी काळजी चालू आहे तिथे कोणी एकट्याने तो पाहू नये. चारजण मिळून बघा आणि संपल्यावर लगेच दिवा मालवून झोपू नका, थोडे बोलत बसा. शेवट जड आहे, म्हणून लहान मुलांना नको. आणि घरातल्या कोणाचे बोलणे कमी झाले असेल, झोप उडाली असेल, किंवा देणेकऱ्याचे नाव निघताच माणूस उठून जात असेल, तर सरकारची टेलिमानस नावाची फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. रात्रंदिवस चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही फोन केला तरी चालतो. पिकाला औषध विचारायला आपण कृषी सेवा केंद्रात जातोच की.

गावात पडदा लावून दाखवायचे झाले तर सुरुवात ‘टिंग्या’ने करा, त्याला पोरेही येतील. ‘मंथन’ डेअरीच्या सभेच्या दिवशी लावा, त्या दिवशी माणसे आयती जमलेली असतात. ‘स्थळ’ला मात्र पुरुषमंडळींना पुढे बसवा, बायकांना त्यात नवे काही नाही. पुढच्या सालासाठी आमच्याकडे ‘साधी माणसं’ आणि ‘फँड्री’ ही दोन नावे आत्ताच लागली आहेत. तुमच्या घरची आणेवारी काय निघते, ती संपादकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. ‘मदर इंडिया’ला नऊ आणे दिले म्हणून भांडणारी पत्रे आली तरी जाऊबाई उत्तर द्यायला तयार आहेत.